त्याच पुलावरून, पुन्हा एकदा

मंडळी, आपल्यापैकी कुणाच्याही घरी गेलं तरी एक गोष्ट हमखास सापडते. भारतातून पाहुणे आल्यावर काढलेल्या फोटोंचा गठ्ठा! पूर्वी तो अल्बममध्ये असायचा, आता फोनमध्ये असतो, एवढाच फरक. क्युकेनहॉफचे ट्यूलिप, झान्से स्खान्सच्या पवनचक्क्या, मादुरोडाम, ॲमस्टरडॅमच्या कालव्यातली बोट, आणि लाकडी बुटात पाय घालून हसणारे काका-काकू. मात्र घरापासून दहा मिनिटांवर जे शेत आहे, जो पाण्याचा चर आहे, ज्या रस्त्यावरून आपण पावसात भिजत सायकल मारतो, त्याचा फोटो विचारा. बहुधा एकही निघणार नाही. "त्यात काय आहे काढण्यासारखं?" हे उत्तर तयार असतं.

संपादकांनी "फोटोग्राफीवर काहीतरी लिहा" असं फर्मान काढलं तेव्हा आम्ही नेमकं याच प्रश्नावर लिहायचं ठरवलं. त्यात काय आहे काढण्यासारखं?

आधी एक खुलासा. आम्ही काही फोटोग्राफर नव्हे. आमच्याकडे मोठी लेन्स नाही आणि 'अपर्चर' या शब्दावर आम्हा नवरा-बायकोत अजून एकमत झालेलं नाही. पण जानेवारी २०१० पासून आम्ही एक उद्योग नेमानं करत आलो आहोत. महिन्यातून एकदा, शक्यतो पहिल्या रविवारी, ॲमस्टलवीनच्या दक्षिणेला असलेल्या बोव्हेनकेर्कर पोल्डरमध्ये जायचं, एका लहानशा पुलावर उभं राहायचं आणि एकच फोटो काढायचा. तोच पूल, तीच दिशा, तीच वेळ. परगावी असलो किंवा कुणी आजारी असलं तर महिना चुकतो. तरीही गठ्ठा आता पावणेदोनशेच्या घरात गेला आहे. आपलं हे पत्रक झेरॉक्सवर निघतं, त्यामुळे त्यातला एकही फोटो इथे छापत नाही. छापला तर तुम्हाला शाईचा काळा डाग दिसेल आणि तुम्ही म्हणाल, "बघा, यात काहीच नाही!" तेव्हा शब्दांवरच भागवून घ्या.

फोटोत आहे तरी काय?

खालच्या भागात पाण्याचा सरळ चर. डच लोक त्याला 'स्लोट' म्हणतात. चराच्या डाव्या काठाला विलोची पाच झाडं, म्हणजे इथल्या भाषेत 'क्नॉटविल्ख'. दर काही वर्षांनी हिवाळ्यात त्यांच्या सगळ्या फांद्या छाटतात. मग डोक्यावर गाठ आलेले नुसते बुंधे उरतात. कोकणात राबासाठी कवळं तोडलेली ऐनाची झाडं ज्यांनी पाहिली असतील त्यांना हा अवतार लगेच ओळखू येईल. उजवीकडे गवताचं कुरण. दूर क्षितिजावर बोव्हेनकेर्कच्या संत उर्बानुस चर्चचा मनोरा, बोटाच्या पेराएवढा. राइक्सम्युझियम आणि ॲमस्टरडॅमचं मध्यवर्ती स्टेशन ज्यांनी उभारलं त्या पिएर कॉयपर्स यांनीच एकोणिसाव्या शतकात हे चर्च बांधलं. आणि वर आकाश. फोटोचा दोन-तृतीयांश भाग नुसतं आकाश!

हे शेत मुळात शेत नव्हतंच. इथे पीट होतं, म्हणजे दलदलीत साठून वाळवता येणारी, जळणाला उपयोगी पडणारी माती. ती लोकांनी खणून नेली, चुलीत जाळली आणि मागे तळं राहिलं. मग ते तळं उपसून त्याच्या तळाशी शेती सुरू केली. आम्ही पुलावर उभे असतो तेव्हा समुद्राच्या पातळीच्या काही मीटर खाली असतो. दिवसरात्र कुठेतरी पंप चालू आहेत म्हणून आमचे पाय कोरडे आहेत.

सह्याद्रीवर वाढलेल्या डोळ्याला हे सगळं सुरुवातीला रिकामं वाटतं. शाळेत 'निसर्गचित्र काढा' म्हटलं की आपण सगळ्यांनी काय काढलं? दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघणारी नदी, काठावर झोपडी आणि एक नारळ. लातूरचा मुलगाही हेच काढायचा आणि मालवणचाही! आमची मुलगी इथे जन्मली. ती सहा वर्षांची असताना तिनं शाळेत काढलेलं निसर्गचित्र घरी आणलं. कागदाच्या खालच्या बाजूला पट्टीनं मारावी तशी एक आडवी रेघ, रेघेवर एक गाय आणि उरलेला सगळा कागद निळा. आम्ही विचारलं, "डोंगर कुठायत?" ती म्हणाली, "कुठले डोंगर?"

त्या दिवशी आमच्या लक्षात आलं की तिचा निसर्ग हाच आहे. आमच्यासाठी रिकामी जागा, तिच्यासाठी भरलेला कागद. आपलं मूल ज्या जमिनीला आपली समजतं, ती आपल्याला नीट पाहता आली पाहिजे, असं वाटलं आणि पुलावरच्या वाऱ्या सुरू झाल्या.

'वारी' हा शब्द मुद्दाम वापरला. वारकरी दरवर्षी त्याच वाटेनं, त्याच गावाला जातो. "पंढरपूर पाहून झालंय" असं तो कधी म्हणत नाही. पाहून होतं ते पर्यटकाचं. वारीला जायचं ते हजेरी लावायला.

शेजारचे दोन चित्रकार

एकच जागा पुन्हा पुन्हा पाहण्याचं वेड या परिसराला जुनंच आहे, हे आम्हाला नंतर कळलं. रेम्ब्रांट ॲमस्टरडॅममध्ये राहायचा. १६४० ते १६६० या वीस वर्षांच्या काळात तो कागद-शाई घेऊन शहराबाहेर पायी भटकायचा आणि ॲमस्टल नदीकाठची साधी दृश्यं रेखाटायचा. नदीच्या वळणावर 'कॉस्टफेर्लोरेन' नावाचं एक जुनं घर होतं. त्या घराच्या परिसरात तो वारंवार गेला आणि वेगवेगळ्या बाजूंनी त्यानं ते काढलं. ज्याच्याकडे शहरातले श्रीमंत लोक आपली चित्रं काढून घ्यायला येत होते, त्याला चालत जाण्याच्या अंतरावरचं एक घर पुन्हा पुन्हा काढावंसं वाटलं!

दुसरा मोंद्रियान. त्याच्या नावानं आपल्याला काळ्या रेघा आणि लाल-पिवळे-निळे चौकोनच आठवतात. पण त्याआधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तो आबकाउडेजवळच्या खेइन नदीकाठी जायचा. तिथली 'ओस्टझेइड्से' पवनचक्की त्यानं कितीतरी वेळा रंगवली. दिवसा रंगवली, संध्याकाळी रंगवली, चांदण्यातही रंगवली. डाउव्हेनड्रेख्टजवळच्या एका शेतघराचंही तेच. समोर पाणी, मागे पानं गळलेली झाडं आणि मध्ये घर. हे चित्र त्यानं १९०५ च्या पुढच्या काही वर्षांत अनेकदा केलं आणि १९१६ च्या सुमारास, चौकोनांच्या वाटेला लागल्यावर, पुन्हा एकदा त्याच घराकडे वळला. डाउव्हेनड्रेख्ट म्हणजे आज आपण ट्रेन बदलायला उतरतो तेच. पुढच्या वेळी गाडी चुकली तर प्लॅटफॉर्मवर उभं राहून या माणसाची आठवण काढा, वेळ बरा जाईल.

बाहेरच्या जगातही अशी माणसं आहेत. प्रागचा फोटोग्राफर योसेफ सुडेक याचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४० पासून, त्यानं आपल्या स्टुडिओच्या खिडकीतून दिसणाऱ्या अंगणाचे फोटो काढायला सुरुवात केली. काचेवर कधी दव, कधी बर्फ, कधी पावसाचे ओघळ आणि पलीकडे एक वाकडं झाड. पुढची सुमारे चौदा वर्षं तो ती खिडकी टिपत राहिला. १९९५ साली आलेला 'स्मोक' हा अमेरिकन सिनेमा काहींनी पाहिला असेल. त्यातला तंबाखूचं दुकान चालवणारा माणूस रोज सकाळी आठ वाजता आपल्या दुकानासमोरच्या कोपऱ्याचा एक फोटो काढतो. असे त्याच्याकडे चार हजारांहून जास्त फोटो आहेत. अल्बम भराभर उलटणाऱ्या मित्राला तो सांगतो की सावकाश बघ, नाहीतर काही दिसणार नाही. हा सल्ला आमच्या घरात फार चालतो, विशेषतः भाजी निवडताना.

उजेडाचं गणित

पहिल्या वर्षाचे बारा फोटो आम्ही जेवणाच्या टेबलावर मांडले तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. जागा तीच, पण उजेड बाराही फोटोंत वेगळा. याचं कारण भूगोलात आहे. साताऱ्याला मे महिन्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. वर्तमानपत्रात 'शून्य सावलीचा दिवस' म्हणून बातमी येते ती तीच. इथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. जूनच्या मध्यान्ही तो क्षितिजापासून साधारण ६१ अंशांवर असतो आणि डिसेंबरात जेमतेम १४ अंशांवर. म्हणजे डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सावल्या आपल्याकडच्या संध्याकाळसारख्या लांब. २१ डिसेंबरला सूर्य पावणेनऊला उगवून साडेचारला मावळतो, तर २१ जूनला पहाटे सव्वापाचपासून रात्री दहापर्यंत तळपतो. एकाच पुलावर उभं राहून एवढा फरक दिसतो.

या उजेडावर 'हॉलंड्स लिख्ट' नावाचा एक सुंदर माहितीपट २००३ साली निघाला. दिग्दर्शक पीटर-रिम द क्रोन. जर्मन कलावंत योसेफ बॉइस यांचं म्हणणं असं होतं की झॉयडरझेचं पाणी हटवून तिथे जमीन केल्यावर डच उजेडाचं तेज गेलं, कारण आकाशाला आरसा दाखवणारं एवढं मोठं पाणीच उरलं नाही. हे खरं की खोटं याचा शोध त्या माहितीपटात आहे. आणि त्यासाठी त्यांनी केलं काय? पाण्याकाठच्या एका बांधावर एकाच जागी कॅमेरा लावला आणि वेगवेगळ्या ऋतूंत तेच दृश्य टिपलं. बांध, पाणी, आकाश. कंटाळा येईल असं वाटतं, पण नजर हटत नाही. वाचनालयात किंवा कुठे मिळाला तर जरूर पाहा.

आपल्याकडे निसर्गाचा पडदा एकदम बदलतो. सात जूनला तपकिरी असलेला डोंगर महिन्याअखेरीस हिरवागार. इथे तसं नाट्य नाही. इथला बदल शेजारच्या मुलाच्या उंचीसारखा असतो. रोज पाहणाऱ्याला कळत नाही, महिन्यानं पाहिलं की चटकन कळतो. मार्चमध्ये विलोच्या गाठींवर पिवळसर धूर धरल्यासारखी पालवी दिसते. एप्रिलमध्ये गवतावरून 'ग्रुत्तो, ग्रुत्तो' असा स्वतःच्याच नावाचा पुकारा करत तो लांब चोचीचा पक्षी फिरायला लागतो. २०१५ साली त्याला या देशाचा राष्ट्रीय पक्षी म्हणून निवडलं. तो हिवाळा पश्चिम आफ्रिकेत आणि स्पेन-पोर्तुगालकडे काढतो आणि पिल्लं वाढवायला या ओल्या कुरणांत येतो. त्याचे पूर्वेकडचे भाऊबंद हिवाळ्यात आपल्या नांदूर मध्यमेश्वरला आणि जायकवाडीला उतरतात. दोन घरं असलेला प्राणी म्हणजे काय ते त्याला विचारावं!

गठ्ठ्यात काय काय सापडलं

एखादा फोटो काढताना त्याचं महत्त्व कळत नाही. ते पुढचा फोटो काढल्यावर कळतं.

पहिलाच फोटो, जानेवारी २०१०, पांढराशुभ्र आहे. चर गोठलेला, कुरण बर्फाखाली. आम्हाला वाटलं, इथे दर जानेवारीत असंच असणार. पण गोठलेल्या चराचे फोटो आमच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. फेब्रुवारी २०१२ चा एक आहे. त्या आठवड्यात अख्खा देश फ्रीसलंडमधली अकरा शहरांची स्केटिंगची शर्यत होणार का, या चिंतेत होता. बर्फ पुरेसा जाड झाला नाही आणि ती झाली नाही. ती शर्यत शेवटची झाली ४ जानेवारी १९९७ ला. फेब्रुवारी २०२१ मध्ये मोठं हिमवादळ आलं तेव्हाचाही एक आहे. त्यात चरावर स्केटिंग करणारी आमची मुलगी लाल टोपीच्या ठिपक्याएवढी दिसते. आमच्या फोटोंत माणूस असलेला हा एकमेव फोटो.

२०१८ च्या जुलैत कुरण पिवळं पडलं. त्या उन्हाळ्यात इथे मोठा दुष्काळ होता. फोटो साताऱ्याला पाठवला तर आईंचा फोन आला, "अगं, हे तर आपल्या माण-खटावसारखं दिसतंय!" त्याच वर्षी १५ सप्टेंबरला उर्बानुस चर्चला आग लागली. छप्पर जळून गेलं, मनोरा वाचला. पुढच्या फोटोंमध्ये मनोरा तसाच आहे, पण त्याच्या मागची छपराची गडद रेघ नाही. मग बांधकामाच्या खुणा दिसतात आणि काही काळानं छपराची रेघ परत येते. या देशात आम्ही चर्चच्या आत क्वचितच गेलो असू. पण ती रेघ परत आलेली पाहिली तेव्हा आपल्या गावातल्या देवळाचा कळस पुन्हा चढवल्यासारखं वाटलं.

१८ फेब्रुवारी २०२२ ला 'युनिस' वादळानं पाच विलोंपैकी तिसरी आडवी केली. या झाडामुळे शेतकऱ्याची आणि आमची ओळख झाली. इतकी वर्षं तो ट्रॅक्टरवरून जाताना "मोर्खन!" म्हणायचा आणि हे दोघं इथे दर महिन्याला काय शोधतात, अशा नजरेनं बघायचा. त्या मार्चमध्ये तो थांबला आणि विचारलं, पाचही झाडं असलेला एखादा फोटो आहे का? त्याच्या आजोबांनी ती लावली होती आणि घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. काढणार कोण? रोज समोरच तर होती! आम्ही मोठा प्रिंट काढून दिला. त्यानं पडलेल्या झाडाच्या जागी विलोची एक जाड फांदी नुसती मातीत खोचली. शेवग्याची फांदी रोवली की जगते, तशीच ही. पुढच्या वसंतात तिला पालवी आली. आता फोटोत पुन्हा पाच आहेत, चार आजोबा आणि एक काठी.

२०२३ चा शरद आणि त्यापुढचा हिवाळा मात्र सगळाच पाण्याचा. नोंदी ठेवायला लागल्यापासूनचं ते सर्वांत ओलं वर्ष होतं. कुरणाच्या सखल भागात पाणी साचलं, त्यात आकाश उतरलं. बॉइससाहेबांचा आरसा तेवढ्यापुरता आमच्या पुलाखाली आला होता.

दोन खिडक्या

आता जरा घरचं सांगतो.

साताऱ्याच्या आई इथे एकदाही आल्या नाहीत. गुडघे आणि विमान यांचं त्यांचं जमलं नाही. सुरुवातीला आम्ही दर तीन महिन्यांनी फोटोचे प्रिंट पोस्टानं पाठवायचो. नंतर घरात फोन आला, मग त्याच रविवारी दुपारी फोटो पोचायचा. आईंना हे दृश्य आमच्यापेक्षा जास्त पाठ झालं. "दुसऱ्या झाडाला अजून पालवी नाही, बाकीच्यांना आहे," असं त्या चष्मा कपाळावर सरकवून सांगायच्या आणि आम्ही पुढच्या वेळी जाऊन पाहिलं की ते खरं निघायचं. बदल्यात त्या आपल्या गॅलरीतून दिसणाऱ्या अजिंक्यताऱ्याची खबर द्यायच्या. "आज गडावर ढग टेकलाय." "वणवा लागलाय, रात्री रेघ दिसत होती." "पहिला पाऊस झाला, अजून हिरवं धरलं नाही." त्या फोटो काढत नव्हत्या, पण हजेरी त्यांचीही चुकत नव्हती. अशा दोन खिडक्या कितीतरी वर्षं समोरासमोर उघड्या होत्या.

एप्रिल २०२० चा आमचा फोटो आजवरचा सर्वांत स्वच्छ आहे. स्खिपोल जवळ असल्यामुळे एरवी आमच्या आकाशात विमानांच्या पांढऱ्या रेघा असतातच. त्या महिन्यात एकही नाही. विमानं धावपट्टीवर ओळीनं उभी करून ठेवली होती आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून भारतानं बाहेरून येणारी प्रवासी विमानं बंद केली होती. कोरं, निळं आकाश. कुणालाही तो फोटो आवडतो. त्याच महिन्याच्या शेवटी आई गेल्या. आम्ही इथून सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. आपल्यातल्या किती घरांना हे वेगळं सांगायला नको, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच, की तो फोटो आम्ही भिंतीवर लावलेला नाही, पण गठ्ठ्यातून काढूनही टाकलेला नाही. तो त्याच्या जागी आहे, मार्च आणि मे यांच्या मध्ये.

त्यानंतर आमच्या पुतण्यानं आपण होऊन एक काम अंगावर घेतलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो त्या गॅलरीत, आईंच्या खुर्चीच्या जागी उभा राहून अजिंक्यताऱ्याचा फोटो काढतो आणि आम्हाला पाठवतो. पहिली दोन वर्षं गड पूर्ण दिसायचा. मग समोरच्या प्लॉटवर इमारत सुरू झाली. एका फोटोत खांब, पुढच्यात पहिला स्लॅब, मग दुसरा. मजल्यागणिक गड बुडत गेला. आता सात मजले झाले आहेत आणि गडावरच्या टॉवरचं टोक तेवढं दिसतं. इमारत बांधणाऱ्यांचं काही चुकलं असं आम्ही म्हणत नाही. लोकांना घरं हवीत, आपणही कुणाच्या तरी खिडकीसमोरच्या घरातच राहतो. पण त्या गॅलरीतून गड कसा दिसायचा हे आता फक्त त्या पंचवीस-तीस फोटोंत आहे. आमच्या नातवंडांना "पणजी इथे बसून गड बघायची" असं सांगायचं झालं तर तेच दाखवावे लागतील.

इथला पोल्डर उपसलेल्या तळ्यावर उभा आहे, तिथला गड इमारतीमागे गेला. परदेशात राहणाऱ्या माणसाला एक गैरसमज असतो, की इथलं आपलं नाही आणि तिथलं आपल्यासाठी जसंच्या तसं थांबलेलं आहे. फोटोंनी दोन्ही खोटं ठरवलं. तिथलं थांबत नाही. आणि इथलं आपलं होतं ते कागदपत्रांनी किंवा पिढ्यांनी नव्हे, तर पुन्हा पुन्हा जाऊन उभं राहिल्यानं. शेतकऱ्याला त्याच्या आजोबांच्या झाडांचा फोटो मिळाला तो आमच्याकडे, साताऱ्याच्या माणसांकडे!

तुम्हाला करायचं असेल तर

फार काही लागत नाही. खिशातला फोन पुरतो. आमच्या अनुभवातून चार गोष्टी:

जागा घरापासून पायी किंवा सायकलनं पंधरा मिनिटांच्या आत असावी. सुंदर जागा निवडू नका, सोयीची निवडा. लांबची सुंदर जागा तीन महिन्यांत सुटते.

पायाखाली पक्की खूण हवी: पुलाचा कठडा, बाक, दिव्याचा खांब. आम्ही कठड्याच्या तिसऱ्या बोल्टवर कोपर टेकवतो. क्षितिजाची रेघ दर वेळी फोटोत त्याच उंचीवर ठेवा आणि झूम अजिबात करू नका.

वेळ एकच ठेवा, पण घड्याळाचा घोटाळा लक्षात घ्या. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. आम्ही हिवाळ्यात अकराला आणि उन्हाळ्यात बाराला जातो, म्हणजे सूर्याच्या हिशोबानं वेळ तीच राहते.

मार्च ते जून कुरणात पक्ष्यांची घरटी जमिनीवरच असतात. रस्ता सोडून आत शिरू नका, कुत्रं असेल तर बांधून ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं, तारीख आणि एक ओळ लिहून ठेवा. "वारा फार. पाच झाडं. मुलीचा दात पडला." वर्षांनी फोटोपेक्षा ती ओळच जास्त बोलते. निसर्गाची आवड असेल तर वाखेनिंगेन विद्यापीठानं २००१ साली सुरू केलेल्या 'नातूरकलेंडर' या उपक्रमात पहिली पालवी, पहिलं फूल अशा नोंदी सामान्य लोकांनाही कळवता येतात. हवामान कसं बदलतंय हे समजायला त्या उपयोगी पडतात.

शेवटी एक सूचना, मंडळाच्या कार्यकारिणीच्या परवानगीनं. यंदाच्या दिवाळी कार्यक्रमात जेवणाच्या हॉलची एक भिंत मोकळी ठेवली आहे. प्रत्येक घरानं आपल्या इथल्या एका जागेचे दोन ते चार फोटो आणावेत, वेगवेगळ्या महिन्यांतले. जमल्यास भारतातल्या घराच्या गॅलरीतून, ओट्यावरून किंवा गच्चीवरून दिसणाऱ्या दृश्याचा एक फोटो नातेवाइकांकडून मागवून घ्यावा. ट्यूलिप नकोत, ताजमहाल नको. रोजचं जे दिसतं तेच हवं. प्रिंट पोस्टकार्डाएवढा असावा, मागे नाव, जागा आणि तारीख लिहावी, आणि चिकटपट्टी घरून आणावी, कारण मागच्या वर्षीची संपली आहे. मुलांनी काढलेले फोटो असतील तर ते खालच्या रांगेत, त्यांच्याच डोळ्यांच्या उंचीवर लावू.